गोड शेवट असूनही प्रेमकादंबरी मनाला का भिडत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी एमिली हेन्री यांची ‘पीपल वी मीट ऑन व्हेकेशन’ ही २०२१ साली आलेली कादंबरी मैत्रिणींच्या आग्रहामुळे वाचली. सुरुवातीला मजा आली, संवाद आवडले, क्रोएशियाच्या सहलीत नेमकं काय झालं हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववेना. कळलं तेव्हा मात्र ‘एवढंच?’ असं झालं. त्या विचारतात: दोघांचं शेवटी जमतं, तरी मला काहीच कसं वाटलं नाही? एका फोनवर मिटली असती अशा गोष्टीसाठी दोन वर्षं अबोला, हे मला पटत नाही. माझ्या वाचण्यातच काही कमी आहे, की प्रेमकादंबऱ्या माझ्यासाठी नाहीतच?

ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं कथानक उघडं होणार आहे.

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. ज्याला हा प्रकारच रुचत नाही, तो वाचक तिसाव्या पानावर पुस्तक मिटून ठेवतो. तुम्ही रात्र जागवलीत. या दोघांचं पुढे काय होतं याची तुम्हाला ओढ होती, म्हणून तर निराशा एवढी झाली. कादंबऱ्यांच्या संहिता वाचायच्या आणि वाचक कुठे हातातून सुटतो ते लेखकाला दाखवायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात प्रेमकथाच जास्त येतात. त्या अनुभवावरून सांगते, ‘एक फोन केला असता तर?’ हा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. तुम्ही दोष शेवटात शोधताय, पण तो कथेच्या मध्यात आहे.

प्रेमकादंबरीचा शेवट वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतो. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेने तर या प्रकाराची व्याख्याच दोन अटींवर केली आहे: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. रहस्यकथेत खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लपवता येतं. इथे दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठच सांगून टाकतं. मग वाचक तीनशे-साडेतीनशे पानं वाचतो कशासाठी? दोघांच्या मध्ये काय उभं आहे आणि ते कसं हलतं, हे बघण्यासाठी. पॅमेला रेजिस या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले आहेत. दोघांची भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली, आता सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, असे ते घटक. त्यातलाच एक म्हणजे अडसर. माझ्या मते बाकीचे सातही त्याच्या आधाराने उभे असतात. अडसर पोकळ असला की कबुलीचा प्रसंग कितीही सुरेख लिहिलेला असो, वाचक कोरडाच राहतो.

अडसर खरा आहे की नाही हे पाहायची एक सोपी पद्धत मी वापरते. दोघांना मनातल्या मनात एका खोलीत समोरासमोर बसवायचं आणि अर्धा तास खरं बोलायला लावायचं. तेवढ्याने प्रश्न मिटत असेल तर तो निव्वळ गैरसमज होता. खरं बोलून झाल्यावर दोघं आणखीच अवघड जागी येऊन पोचत असतील तर तो अडसर. गैरसमजावर एखादं प्रकरण चालतं, अख्खी कादंबरी चालत नाही. तुम्ही फोनचा प्रश्न विचारलात तेव्हा हीच परीक्षा घेतलीत.

आता या कादंबरीत काय झालंय ते जरा जवळून बघू. पॉपी आणि ॲलेक्स दोघंही ओहायोतल्या लिनफील्ड या लहानशा गावचे, पण ओळख होते ती शिकागोत, विद्यापीठात. पुढे ती न्यूयॉर्कला जाऊन एका प्रवासविषयक मासिकात काम करते, तो गावी परतून शाळेत शिकवतो. दर उन्हाळ्यात एक सहल दोघांनी मिळून करायची, हा नेम. प्रकरणांची रचनाही त्यावरच आहे: ‘हा उन्हाळा’ आणि ‘इतक्या उन्हाळ्यांपूर्वी’ अशी ती आलटून पालटून येतात. दोन वर्षांपूर्वी क्रोएशियात काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद पडलं. आता ॲलेक्सच्या धाकट्या भावाचं पाम स्प्रिंग्जला लग्न आहे, आणि पॉपी त्या निमित्ताने मैत्री सावरायचा प्रयत्न करतेय. भाड्याच्या जागेतला एसी चालत नाही, बाहेर वाळवंटातला उकाडा, आणि आत दोन माणसं नको त्या विषयाला बगल देत गप्पा मारताहेत. ही प्रकरणं लेखिकेने फार छान लिहिली आहेत. तुम्हाला सुरुवातीला मजा आली ती उगीच नाही.

या कथेत खरं तर दोन अडसर आहेत. एक क्रोएशियाचा: तिथे दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं, नंतर दोघंही अवघडले आणि समोरच्याला पस्तावा झालाय असं प्रत्येकाने मनाशी धरून घेतलं. हा तुमच्या फोनवाला. दुसरा लिनफील्डचा. पॉपीची शाळेत इतकी टवाळी झाली की ते गाव तिला नकोसं झालंय. तिचं सगळं आयुष्य म्हणजे त्या गावापासून लांब पळणं आहे, आणि प्रवासाची नोकरी तिला त्यासाठी फार सोयीची पडली आहे. ॲलेक्सचं नेमकं उलटं. त्याची आई लहानपणीच गेली, भावंडांकडे त्याने बघितलं, घर टिकवणं हाच त्याचा स्वभाव झाला. त्याला मुळं हवीत, आणि तीही नेमकी तिथे, जिथे तिचा श्वास कोंडतो. या दोघांना अर्धा तास खरं बोलायला लावा. प्रश्न सुटणार नाही, उलट पहिल्यांदाच नीट दिसेल. कुणी कुठे राहायचं, कुणी काय सोडायचं, सोडलेल्याची भरपाई प्रेमाने होते का, हे सगळं त्यात आहे. हा दुसरा अडसर अव्वल दर्जाचा आहे, आणि तो संपूर्णपणे या दोन माणसांच्या स्वभावातून आलेला आहे.

दुर्दैवाने लेखिकेने वाचकाच्या हातात ठेवला तो पहिला. ‘क्रोएशियात काय झालं?’ हा प्रश्न सुरुवातीलाच टांगला आणि पानोपानी त्याची आठवण करून दिली. वाचक माणूसच आहे. इतका वेळ एखादी गोष्ट झाकून ठेवली की तो मनात तिचा आकार वाढवत नेतो. कुणीतरी विश्वासघात केला असेल, काही भयंकर बोललं गेलं असेल. झाकण उघडलं आणि आत निघालं एक चुंबन. दुसरीकडे लिनफील्डचा प्रश्न, ज्याला खरोखर पानं हवी होती, तो शेवटच्या काही प्रकरणांत भरभर उरकला जातो. पॉपी समुपदेशकाकडे जाते, शाळेत छळणाऱ्या मुलाशी तिची गाठ पडते, ती गावी जाऊन ॲलेक्सला गाठते. यातली प्रत्येक घटना योग्य आहे. पण वाचक अजून क्रोएशियातच अडकलेला असतो, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. तुम्हाला शेवट वाचून काही वाटलं नाही याचं कारण मला इथे दिसतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी वाचकाला जाणवते पण चटकन सांगता येत नाही. कथा पॉपी सांगते, प्रथमपुरुषी. आपण पूर्ण वेळ तिच्या डोक्यात राहतो, तिला ॲलेक्सच्या कपड्यांपासून स्वतःच्या मत्सरापर्यंत सगळं आपल्याला सांगावंसं वाटतं. आणि क्रोएशियात काय झालं हे तिला माहीत आहे. तरी ती विचार करताना नेमकी तिथेच थांबते. एका पात्राने दुसऱ्यापासून गुपित ठेवणं यात जीव असतो, कारण ते कधी फुटेल ही धास्ती वाचकालाही लागते. निवेदकानेच वाचकापासून गुपित ठेवलं की पात्रामागचा लेखकाचा हात दिसायला लागतो. दुःखाची आठवण माणूस टाळतो, हे मान्य. एकदा, दोनदा टाळेल. दोनशेहून अधिक पानं टाळत राहिला तर ती लेखकाची सोय असते.

याच्याशेजारी जेन ऑस्टिन यांची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ठेवून बघा. तिथेही गैरसमज आहे, आणि मोठा आहे. विकहॅम नावाच्या गोडबोल्या तरुणाने डार्सीबद्दल सांगितलेल्या खोट्या गोष्टीवर नायिका एलिझाबेथ विश्वास ठेवते. पण ते खोटं आहे हे तिलाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. आपण तिच्याबरोबर फसतो, म्हणून फसवले गेल्यासारखं वाटत नाही. आता लेखिकेने तो गैरसमज मिटवला कुठे ते पाहा. ६१ प्रकरणांच्या कादंबरीत नायक डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ते ३४व्या प्रकरणात. मागणी घालताना तिच्या घरच्यांच्या कमीपणाचा पाढा वाचतो, आणि ती त्याला सडकून नकार देते. लगेच पुढच्या प्रकरणात त्याचं पत्र येतं आणि विकहॅमचं बिंग फुटतं. म्हणजे फोन झाला! अर्ध्याहून थोडं पुढे आलेलो असताना गैरसमज संपला, तरी कादंबरी संपत नाही, कारण खरा अडसर आता कुठे उघडा पडलाय. त्याचा गर्व खोटा नव्हता, तो खरंच तसा वागला होता. तिची घाईही खरीच होती. आता दोघांनाही बदलायचंय, आणि त्याला उरलेली पानं लागतात. डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्यात घर सांभाळणारी बाई मालकाबद्दल आपुलकीने बोलते, एलिझाबेथ ऐकत राहते. दोघांमध्ये अजून एक शब्दही झालेला नाही आणि तरी अडसर तसूभर सरकलेला आपल्याला दिसतो. असं सरकणं दिसत राहिलं की गोड शेवट हक्काचा वाटतो.

हेन्रींची संहिता माझ्या टेबलावर आली असती तर मी एकच गोष्ट सुचवली असती: क्रोएशिया तिसऱ्या प्रकरणात सांगून टाका. चुंबन झालं, दोघं घाबरले, बोलणं थांबलं. मग वाचक ‘काय झालं?’ हे विचारायचं सोडून ‘एवढ्याशा गोष्टीला ही दोघं इतकी का घाबरली?’ असं विचारू लागला असता, आणि त्याचं उत्तर शोधताना थेट लिनफील्डला पोचला असता. अर्थात लेखिकेने गुपित का राखलं तेही मला कळतं. दोन काळांत मागेपुढे करणाऱ्या कथेत वाचक भरकटू नये म्हणून एक खुंटी लागते, आणि गुपित ही सगळ्यात स्वस्त खुंटी आहे. पुस्तक हातोहात खपलं. त्या खुंटीमुळे पानं भराभर उलटली जातात हे तुम्ही स्वतः रात्रभर अनुभवलंत.

आता थोडं आपल्याकडचं बोलते, कारण तुमच्या नाराजीत मराठी वाचक म्हणूनही काहीतरी आहे असं मला वाटतं. आजच्या अमेरिकी प्रेमकादंबरीतल्या दोन सज्ञान, कमावत्या माणसांना लग्नापासून अडवणारं बाहेरचं कुणी फारसं उरलेलं नाही. आईवडिलांची परवानगी नको, जात आड येत नाही, एकत्र राहायचं तर उद्यापासून राहा. त्यामुळे लेखकाला अडसर माणसाच्या आतच शोधावा लागतो: जुनी जखम, सोडून जाण्याची भीती, बांधून घेण्याची भीती. हे काम अवघड आहे, आणि जमलं नाही की गैरसमजाची ठिगळं लावली जातात. ज्या वाचकाने आजूबाजूला घरातून बाहेर काढलेल्या मुली, वर्षानुवर्षं न सांगितलेली प्रेमं, ‘ताईचं लग्न होईपर्यंत थांब’ म्हणून खोळंबलेले भाऊ पाहिलेत, त्याला अशा कथेत ‘यांना नक्की अडचण काय आहे?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मात्र इथे न्याय करायला हवा. आतला अडसर बाहेरच्यापेक्षा हलका असतो असं मी मानत नाही. तो वाचकाला दाखवायला जास्त कौशल्य लागतं, इतकंच.

मला जास्त वाईट वाटतं ते आपल्या नव्या लेखकांचं. खरे अडसर दाराशी उभे असताना ते आयात केलेले गैरसमज वापरतात. मध्यंतरी एका तरुण लेखिकेची संहिता वाचली. मुलगा-मुलगी वेगवेगळ्या जातींचे, नोंदणी विवाह करायचं ठरवतात. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकजण तरी जिथे निदान ३० दिवस राहतोय त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि ३० दिवसांत कुणीही कायद्याने मान्य असलेल्या कारणावर हरकत घेऊ शकतो. म्हणजे घरच्यांपासून लपवलेली गोष्ट सरकारी भिंतीवर महिनाभर नाव-पत्त्यासकट चिकटवलेली! कादंबरीकाराला याहून काय हवं? तारीख ठरलेली, धोका खरा, आणि दोघांच्या स्वभावाची कसोटी रोजची. या लेखिकेने एक प्रसंग फार सुंदर लिहिला होता. मुलगी कामावरून परतताना मुद्दाम त्या कार्यालयावरून जाते, बोर्डापुढे एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी वाचत असतात, आणि ते निघून जाईपर्यंत ती हलू शकत नाही. नंतर जवळ जाऊन बघते तर ते शेजारचं दुसरंच परिपत्रक वाचत होते.

हा सगळा महिना संहितेत दीड पानात संपला होता. त्याआधीची चार प्रकरणं खर्च झाली होती ती मुलाच्या जुन्या मैत्रिणीचा व्हॉट्सॲप मेसेज मुलीने चुकून वाचला आणि रुसून बसली, यावर. मी तिला एवढंच म्हटलं की ती चार प्रकरणं काढ आणि बोर्डासमोरच्या मुलीला तेवढी पानं दे. त्या महिन्यात त्याने आईला सांगितलं का? दोघांपैकी कुणाला आतून वाटलं का, की कुणीतरी हरकत घ्यावी आणि आपण सुटावं? हे विचारायला सुरुवात केली की बाहेरचा अडसर आतही शिरतो. माझ्या वाचनात ज्या प्रेमकथा टिकून राहिल्या त्यांत बहुधा असंच झालेलं आहे.

गैरसमज लांबवण्याची सवय आपल्याकडे मालिकांमुळे आणि मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या कथांमुळेही वाढली आहे. रोज एक भाग टाकायचा तर रोज शेवटी एक गाठ मारावी लागते, आणि रोज मारता येईल अशी गाठ म्हणजे कुणीतरी अर्धवट ऐकलेलं वाक्य. भाग-भाग वाचताना ते खपून जातं. तेच सलग पुस्तक झालं की एकामागून एक अशा गाठी दिसतात आणि वाचक वैतागतो.

तुम्ही मैत्रिणींच्या सांगण्यावरून पुस्तक घेतलंत, म्हणून निवडीबद्दलही दोन शब्द. हल्ली या पुस्तकांची मुखपृष्ठं एकसारखी दिसतात: चटकदार रंग, चित्रातली दोन माणसं, हसरं शीर्षक. आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. कॉलीन हूवर यांची २०१६ सालची ‘इट एंड्स विथ अस’ कित्येकींनी प्रेमकथा म्हणून उघडली, आणि आत नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीची गोष्ट निघाली. त्या कादंबरीवर रंगवायचं पुस्तक काढायची घोषणा जानेवारी २०२३मध्ये झाली तेव्हा वाचकांनीच हरकत घेतली आणि ते मागे घ्यावं लागलं. गोड वेष्टन आणि आतला मजकूर यांचा मेळ नसला की पुस्तक चांगलं असूनही वाचक दुखावतो. म्हणून मुखपृष्ठ आणि रील्स बाजूला ठेवा. पुस्तकाच्या दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या मधलं एखादं प्रकरण वाचा. त्यात दोघं एकमेकांशी खरं बोलताहेत आणि तरी अडलेली आहेत असं दिसलं, तर पुस्तक घरी आणा. तिसऱ्याच कुणाच्या मेसेजमुळे किंवा अर्धवट ऐकलेल्या संभाषणामुळे अडलेली दिसली, तर तुमचा स्वभाव पाहता ते तुम्हाला पुन्हा चिडवेल.

मैत्रिणींना हे पुस्तक आवडलं आणि तुम्हाला नाही, याने मन खट्टू करू नका. त्यांना विचारून बघा, कुठली पानं लक्षात राहिली. बहुतेक जणी जुन्या सहलींबद्दल बोलतील, दोघांच्या थट्टामस्करीबद्दल बोलतील. काही वाचक पात्रांच्या सहवासासाठी वाचतात, त्यांना गाठ कशी सुटली याची फारशी फिकीर नसते, आणि तो सहवास या कादंबरीत खरोखर भरपूर आहे. तुम्ही गाठीसाठी वाचता. पुढच्या भेटीत ‘क्रोएशिया सुरुवातीलाच सांगून टाकलं असतं तर?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे टाका. मग बोलणं आपोआप लिनफील्डवर येईल, पॉपीने परत जायला हवं होतं का, ॲलेक्सने गाव सोडायला हवं होतं का यावर वाद होईल. तेवढ्या वादासाठी तरी शेवटची प्रकरणं एकदा सावकाश पुन्हा वाचा. पहिल्या वेळी तुम्ही ती क्रोएशियाच्या रागात वाचली होती.